खाडा पडू नये म्हणून : ऊसतोड मजुरांच्या तब्येतीचे प्रश्न

दिवाळीच्या मागेपुढे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, जळगाव, नाशिक या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, पुढे बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात. नंदुरबार-धुळ्याकडची माणसं बारडोलीची वाट धरतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतणं नाही.

या वेळच्या पत्रांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा आला आहे : खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं कुणी एक दिवस बसलं तर त्या दिवसाची मजुरी जाते ती जातेच, वर मुकादम (टोळीचा ठेकेदार) पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त खाडा लावतो. दुखणं अंगावर काढलं जातं ते या भीतीनं. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये औषधपाण्याबरोबर पैशाचा हिशोबही आला आहे.

प्रश्न : आई-वडील आठ वर्षं तोडीला जातात. रात्री अंग ठणकतं म्हणून दोघंही रोज दुखण्याची गोळी घेतात, आठवड्यातून एकदा इंजेक्शनही. यंदा वडिलांच्या पायांवर सूज दिसते. लघवी गडद आणि कमी होते. हे मूत्रपिंडाचं असेल का?
*– बारावीचा विद्यार्थी, शिरूर कासार तालुका*

असू शकतं, आणि पट्टा पडायची वाट बघू नका. पायांवर सूज आणि लघवी कमी, ही दोन्ही लक्षणं एकत्र असतील तर याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात या तपासण्यांना पैसे पडत नाहीत. जमलं तर रक्त देण्याआधी दोन दिवस विश्रांती आणि भरपूर पाणी द्या. उन्हात राबल्यानंतर क्रिएटिनिन काही काळ वाढतं, त्यामुळे लगेच घेतलेल्या आकड्यावरून आजार कायमचा आहे का ते ठरत नाही. विश्रांतीनंतरही आकडा चढाच असेल आणि तीन महिन्यांनी पुन्हा तसाच आला, तर तो जुनाट आजार समजतात. पण सूज वाढत असेल, धाप लागत असेल किंवा लघवी जवळजवळ बंद झाली असेल, तर दोन दिवससुद्धा थांबू नका.

आता गोळीबद्दल. घामावाटे पाणी गेलं की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं. ते टिकवून धरायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वापरतं. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या गोळ्या नेमकी तीच द्रव्यं अडवतात. दुखणं थांबतं ते त्यामुळेच, आणि मूत्रपिंड कोरडं पडतं तेही त्यामुळेच. घरी बसलेल्या धडधाकट माणसाला एखादी गोळी सहसा पचून जाते. बारा तास फडात राबून दोन तांबे पाणी प्यायलेल्याला रोजची गोळी पचत नाही. गावातल्या दवाखान्यात मिळणाऱ्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा डायक्लोफिनॅकच्या जोडीला स्टिरॉइड असतं. त्यानं तासाभरात हुशारी येते, म्हणून सवय लागते. वारंवार घेतलं तर साखर चढते आणि हाडं ठिसूळ होतात.

दुखण्यासाठी त्यातल्या त्यात सुरक्षित गोळी म्हणजे नुसती पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅमची. एका वेळी एक किंवा दोन, मध्ये किमान सहा तास, दिवसाला सहापेक्षा जास्त नाही, आणि दारूबरोबर कधीच नाही. पाकिटावरचं नाव वाचून घ्या, कारण बाजारात मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉलसोबत एसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेलं असतं.

पाण्याचं माप सांगतो. ऊन असताना दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर. आठ तासांचं होतं पाच ते सहा लिटर. नवरा-बायकोच्या जोडीला दहा लिटर तरी लागतं, आणि बांधावर बहुतेकदा असतो तो ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पाच लिटरचा तेलाचा एकच कॅन. दुसरा कॅन न्यायचा, हा पहिला उपाय. एका दमात लोटाभर पिऊन पुढचे तीन तास कोरडं राहणं उपयोगाचं नाही, आणि तासाला दीड लिटरच्या वर पिणंही धोक्याचं. लघवीचा रंग लिंबाच्या सरबतासारखा फिका असला तर पाणी पुरतं आहे. चहासारखा झाला तर काम थांबवून सावलीत बसायचं.

पोटऱ्यांत गोळे आले तर ओआरएस. मोठी पुडी पुरी एक लिटर पाण्यात घालायची. अर्धी पुडी अंदाजानं तांब्यात टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं. उसाचा रस ही पाण्याची जागा नव्हे, त्यात साखर फार आणि मीठ जवळजवळ नाही.

निकाराग्वा आणि एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या देशांमध्ये ऊसतोड मजुरांना मूत्रपिंडाचा असा आजार मोठ्या प्रमाणावर झाला, ज्याला मधुमेह किंवा रक्तदाब कारण नव्हता. उष्णता, अंगमेहनत आणि पाण्याची तूट ही त्यामागची मुख्य कारणं मानली जातात. तिथल्या काही कारखान्यांनी पाणी, ठरावीक विश्रांती आणि फिरती सावली ही तीन सोयी एकत्र लावल्या आणि मजुरांच्या मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचं तपासण्यांतून दिसलं. आपल्याकडे डिसेंबरची थंडी असते म्हणून गाफील राहायला नको. मार्च-एप्रिलचा फड तितकाच तापतो.

आणखी एक. आई पाणी कमी पीत असेल तर कारण विचारा. आडोसा नाही, लघवीला कुठं जायचं, म्हणून बायका सकाळपासून घोटभरावर दिवस काढतात. लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग तिथून सुरू होतो.

प्रश्न : माझ्या गावातल्या तोडीला जाणाऱ्या बायका अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून खासगी दवाखान्यात जातात. तिथं "पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगतात. चौतीस वर्षांच्या एकीनं तारीखही घेतली आहे. तिला काय सांगू?
*– आशा कार्यकर्ती, वडवणी तालुका*

तारीख पुढे ढकलायला सांगा. पांढरं जाणं आणि कंबरदुखी ही पिशवी काढण्याची कारणं नाहीत.

बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये आरोग्य यंत्रणेनं ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण केलं, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. तेव्हा तुमचा पहिला प्रश्न दवाखान्याला हाच असू द्या : परवानगीचा कागद कुठं आहे?

पांढरं जाण्याचे प्रकार वेगळे करून बघा. पाळीच्या मध्यावर पातळ, वास नसलेला स्राव जातो, तो निसर्गाचा भाग आहे. दह्यासारखा, खाज सुटणारा स्राव बुरशीचा. मासळीसारखा वास किंवा हिरवट-पिवळा रंग असेल तर दुसरा जंतुसंसर्ग. यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात रंगानुसार किट असतात. योनिमार्गाच्या संसर्गासाठी हिरवं किट, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं. पाळी चुकलेली असेल तर किट घेण्याआधी गरोदरपणाची तपासणी करून घ्या. गर्भाशयाच्या तोंडाशी संसर्ग असेल तर राखाडी किट, आणि तिथं नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तो घेत नाही आणि महिन्याभरात तिला पुन्हा त्रास सुरू होतो. मग "औषधानं गुण येत नाही, आता पिशवीच काढा" ही पुढची पायरी येते. ओटीपोटात दुखणं आणि ताप असेल तर पिवळं किट, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

कॅन्सरच्या भीतीचं उत्तर तपासणीनं द्यायचं. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य व्हिनेगर लावून बघण्याची चाचणी ३० वर्षांवरच्या बायकांसाठी सरकारी केंद्रात मोफत होते. पाच-दहा मिनिटं लागतात. सोनोग्राफीच्या कागदावर "तोंडाला सूज" लिहिलं म्हणजे कॅन्सर झाला असं होत नाही.

रक्तस्राव जास्त असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथंही आधी औषध. सात दिवसांपेक्षा जास्त जाणं, तासाला एक पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं याला जास्त म्हणायचं. पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि मेफेनॅमिक ॲसिड, पुढे हार्मोनच्या गोळ्या, किंवा हार्मोन सोडणारी तांबी, हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. (मेफेनॅमिकही वरच्या वेदनाशामकांच्याच घराण्यातलं आहे, म्हणून ते ठरलेले दोन-तीन दिवस आणि पाणी पिऊनच.) सोबत हिमोग्लोबिन बघा. १२ च्या खाली पंडुरोग, ८ च्या खाली गंभीर. लोहाची गोळी जेवणानंतर लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी, पुढेमागे तासभर चहा नको. फडावर दिवसातून चार वेळा गुळाचा काळा चहा होतो. गोळी त्यात वाया जाते.

शस्त्रक्रिया खरोखर लागते ती कॅन्सर, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, खूप मोठ्या गाठी किंवा अंग पूर्ण बाहेर येणं अशा वेळी. तेव्हासुद्धा दुसऱ्या, शक्यतो सरकारी, स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या आणि एक प्रश्न कागदावर लिहून न्या : बीजाशय ठेवणार की काढणार? चौतिसाव्या वर्षी दोन्ही बीजाशयं काढली तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. अंगातून वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ. अशा बाईच्या डोक्यावर मोळी देणं म्हणजे तिचा मणका मोडायला देणं. काढलेली पिशवी प्रयोगशाळेत तपासायला पाठवली का, तो अहवालही मागा. ऑपरेशननंतर किमान सहा ते आठ आठवडे वजन उचलायचं नाही, आणि हे आठवडे हंगामात कुठून आणायचे याचा विचार तारीख देणारा कुणी करत नाही.

बायका या निर्णयापर्यंत का येतात हे तुम्ही आम्हांपेक्षा चांगलं जाणता. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, फडात पाणी नाही, कापड बदलायला आडोसा नाही. "कटकट एकदाची संपेल" असं वाटतं. ऑपरेशनचा खर्च मुकादमाकडून उचल (मजुरीपोटी आगाऊ पैसे) म्हणून येतो आणि पुढच्या दोन हंगामांचं ओझं वाढतं. तिच्याशी बोलताना हा पैशाचा भाग आधी काढा, मग आजाराचा.

प्रश्न : कोयत्याचा घाव डाव्या हाताला बसतो. लोक हळद, तंबाखू, चुना भरतात. योग्य काय?
*– शाळाशिक्षक, पाथर्डी तालुका*

उजव्या हातात कोयता आणि डाव्यात उसाची मूठ, म्हणून घाव डाव्या बोटांवर नाहीतर डाव्या नडगीवर. वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं जखम धुवा, स्वच्छ कापडाची घडी ठेवून दहा ते पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरा, हात छातीच्या वर. दर मिनिटाला उघडून बघितलं की रक्त पुन्हा सुरू होतं. हळद-तंबाखू-चुना काही भरू नका. टाके घालण्याआधी डॉक्टरला ते सगळं खरवडून काढावं लागतं. मग प्रत्येक बोट वाकवून बघा. बोट वाकत किंवा सरळ होत नसेल, बधिर असेल, तर आतली कंडरा (स्नायूची दोरी) किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो. साध्या मलमपट्टीवर भागवलं तर मूठ कायमची जाते. बोटाचं टोक तुटलंच तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात, फडकं प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बर्फाला तुकडा थेट लावायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी. बोथट कोयता जास्त घाव घालतो, कारण तो उसावरून घसरतो.

प्रश्न : आमच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) कॅनॉलच्या कडेला असतात. मागच्या हंगामात शेजारच्या कोपीतल्या मुलीला रात्री काहीतरी चावलं. पहाटे पोट दुखतं म्हणून सोडा दिला, सकाळी ती गेली. खूणही सापडली नाही. असं कसं होतं?
*– ऊसतोड कामगार महिला, माजलगाव तालुका*

वर्णनावरून हा मण्यार असण्याची शक्यता मोठी आहे. मण्यार रात्री फिरतो, उंदरांच्या मागे कोपीत येतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दात बारीक, सूज नाही, आग नाही. झोपलेलं माणूस जागंही होत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घसा धरतो, मग पापण्या जड होऊन मिटतात, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वास थांबतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड, एवढं दिसलं की खूण शोधत बसू नका. सर्पदंश समजून गाडी काढा.

फडात असते ती घोणस. पाचटाच्या रंगात ती दिसत नाही. तिच्या चाव्यानं मोठी सूज येते, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जातं, मूत्रपिंड निकामी होतं. पाचटात हात घालण्याआधी काठीनं किंवा कोयत्याच्या टोकानं हलवून घ्या.

चावल्यावर करायचं ते थोडकंच आहे. माणसाला चालू देऊ नका. बांगड्या, कडं, जोडवी लगेच काढा, सुजल्यावर निघत नाहीत. हात किंवा पाय लाकडाची पट्टी लावून हलणार नाही असा ठेवा. घट्ट दोरी बांधणं, चिरणं, चोखणं, कोंबडी लावणं यात वेळ आणि अवयव दोन्ही जातात. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर असेल तर मोटारसायकलवर पुढे चालवणारा, मध्ये रुग्ण, मागे धरणारा. न्यायचं ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, म्हणून साप मारून नेण्याची गरज नाही. तिथं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून बघतात. ते गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलं आहे असं समजतात. मण्याराच्या चाव्यात रक्त गोठतं, तेव्हा "रक्त गोठलं, जा घरी" म्हणाले तरी पापण्यांचं लक्षण सांगा आणि चोवीस तास तिथंच थांबा.

कोपीत सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मच्छरदाणी, चारही बाजूंनी अंथरुणाखाली दाबलेली. जमलं तर विटांवर फळ्या टाकून झोपण्याची जागा उंच करा. धान्याची पोती उशाशी नको, वाढ्याचा (उसाच्या हिरव्या शेंड्यांचा) ढीग कोपीला लागून नको. रात्री उठताना बॅटरी.

तुमच्या नावावर किंवा घरातल्या कुणाच्या नावावर गावाकडे सातबारा असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश धरला जातो. खातेदार आणि कुटुंबातली एक व्यक्ती, वय १० ते ७५. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखाच्या घाईत मृतदेह थेट गावाकडे नेला की हे दोन्ही कागद कधीच मिळत नाहीत.

प्रश्न : माझा चार एकर ऊस आहे. टोळी आली की त्यांच्यासाठी शेतकऱ्यानं नेमकं काय करावं? खुशाली (वरचे बक्षिसाचे पैसे) तर देतोच.
*– ऊस उत्पादक, वाळवा तालुका*

विचारलंत, याचा आनंद झाला. खुशालीच्या पैशानं फडातली अडचण सुटत नाही, म्हणून वस्तू सांगतो.

दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस माणसं आणि दिवसाला १०० ते १२० लिटर पिण्याचं पाणी. २०० लिटरचा झाकणाचा, तोटीचा बॅरल बांधावर ठेवा आणि तुम्ही पिता त्याच ठिकाणचं पाणी भरा. कीटकनाशकाचा रिकामा बॅरल कितीही धुतला तरी नाही. चार बांबू आणि शेडनेटचा तुकडा एवढ्यात सावली होते, लहान पोरं तिथं बसतील. पहिल्या दिवशी ऊस उभा असतो तेव्हा बायकांना आडोसा मिळतो, शेवटच्या दोन दिवसांत तोही जातो. एक खड्डा आणि तीन बाजूंनी ताडपत्री लावा.

काम सुरू होण्याआधी टोळीला शेत फिरून दाखवा : उघडी विहीर कुठं, मोटारीची केबल कुठून जाते, झटक्याचं कुंपण कुठं, आग्या मोहोळ आहे का. शेवटची फवारणी कधी झाली तेही सांगा. जुन्नर-शिरूर पट्ट्यासारखा बिबट्याचा भाग असेल तर तोड एकाच बाजूनं करत न्या, म्हणजे जनावराला निघायला वाट राहते. पिल्लं दिसली तर हात लावू न देता काम थांबवा आणि वन विभागाच्या १९२६ वर कळवा. तोडणी लवकर यावी म्हणून ऊस पेटवू नका. जळीत फडात काजळी आणि राख बारा तास छातीत जाते.

आता वजनाचं. गाडीत १६ टन भरायचे असतील आणि मोळी ४० किलोची असेल तर ४०० मोळ्या, म्हणजे वीस जणांत प्रत्येकी २० खेपा, फळीवरून चढून. मोळी २५ किलोची केली तर खेपा ३२ होतात. हलकी मोळी मानेला बरी, पण खेपा वाढल्या की मजूर ती नाकारतात, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून तुमच्या हातातला उपाय वेगळा आहे : गाडी जेवढी आत येईल तेवढी येऊ द्या, त्यासाठी पाणी दहा-पंधरा दिवस आधी तोडा आणि वाट दाबून घ्या. पन्नास पावलं वाचली तर बत्तीस खेपाही परवडतात. फळी दोन माणसांच्या पावलाएवढी रुंद, तिला वीतभर अंतरावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आणि वरचं टोक गाडीला दोरीनं बांधलेलं. गाडी रात्री बारानंतर आली तर एक दिवा फळीवर, एक पायाशी. मोळी डोक्यावर द्यायला दुसरा माणूस हवा, एकटीनं गुडघ्यावरून झटक्यात घेताना कमरेत चमक भरते. डोक्यावर चुंबळ जाड असावी.

प्रश्न : सून सात महिन्यांची गरोदर आहे. मुकादम म्हणतो उचल घेतली आहे, कोयता पुरा पाहिजे. न्यावी की ठेवावी?
*– सासू, धारूर तालुका*

ठेवता येत असेल तर ठेवा. मुकादमाला बदली माणूस सांगा किंवा मुलगा अर्धा कोयता म्हणून जाऊ द्या. उचल घेतली म्हणून गरोदर बाईला कामावर नेण्याचा हक्क कुणालाही मिळत नाही. गावी सांभाळायला कुणीच नसेल आणि नेणं भागच असेल, तर डोक्यावर मोळी आणि फळीवर चढणं पूर्ण बंद.

निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यातल्या नोंदींचा मोबाइलवर फोटो काढा. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं चार आठवड्यांच्या अंतरानं झाली का, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि सोनोग्राफी झाली का, ते बघा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुरेशा घ्या. दोन्ही एका वेळी द्यायच्या नाहीत. तळावर पोचल्यावर दोन दिवसांत तिथल्या आशाताई आणि अंगणवाडीत नाव सांगा. सून दुसऱ्या गावची म्हणून त्या तिला परत पाठवू शकत नाहीत, पोषण आहारही तिथं मिळतो. रेशनचंही तसंच, आधार जोडलेलं कार्ड असेल तर धान्य तिथल्या दुकानात घेता येतं. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसह, मोफत आहे. १०२ ची गाडीही.

डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, अंगावर रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. बाळंतपण कोपीत होऊ देऊ नका.

प्रश्न : दरवर्षी पट्टा पडला की मुकादम म्हणतो, "तुमच्याकडेच बाकी निघते." हिशोब कसा ठेवायचा?
*– ऊसतोड कामगार, आष्टी तालुका*

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ झाला. हा करार तीन हंगामांचा होता, तेव्हा चालू हंगामाचा दर कारखान्याच्या गट कार्यालयातून लिहून घ्या. मुकादमाचं कमिशन कारखाना वेगळं देतो, ते तुमच्या ३६६ मधून कापायचं नसतं.

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक गाडीचं पान असं : तारीख, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, त्या दिवशी टोळीत किती कोयते. समजा भरलेली गाडी २४.९ टन, रिकामी ८.५, निव्वळ १६.४. दहा कोयते, तर तुमच्या वाट्याला १.६४ टन, म्हणजे सुमारे ६०० रुपये, दोन माणसांचे. काट्याची पावती चालकाकडे असते, तिचा मोबाइलवर फोटो घ्या. दुसऱ्या पानावर खर्ची : दर बाजाराला मुकादमानं दिलेले पैसे, तारखेसह. तिसऱ्यावर खाडे, कुणाच्या आजारपणाचे आणि किती लावले. बहुतेक भांडणं या तिसऱ्या पानावर होतात, कारण ते मुकादमाच्याच डोक्यात असतं.

उचल घेण्याआधी एक भागाकार करा. १ लाख रुपये भागिले ३६६, म्हणजे २७३ टन. रोज दोन टन तोडले तर १३७ दिवस, खर्ची न धरता आणि एकही दिवस न बसता. हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर २०० टन, ७३,२०० रुपये, आणि २६,८०० अंगावर राहणारच. ती बाकी तुमच्या आळसाची नाही, आकड्यातच आधीपासून बसलेली आहे. उचल घेताना संभाव्य दिवस विचारा आणि तेवढ्यात फिटेल एवढीच घ्या.

कोऱ्या मुद्रांकावर अंगठा किंवा सही देऊ नका. आजारपणाचा, पाळीचा आणि बाळंतपणाचा खाडा लावायचा नाही, हे वाक्य करारात लिहून घ्या. एकटा म्हणेल तर मुकादम दुसरा कोयता बघेल, म्हणून टोळीतल्या दहाही जणांनी मिळून म्हणा, आणि ते उचल हातात पडण्याआधी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र घ्या. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजना आणि मुलांची वसतिगृहं त्या नोंदीवर मिळतात.

उचल फिटली नाही म्हणून डांबून ठेवलं, मूल किंवा बाई अडकवून ठेवली, तर ती १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी आहे. तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करायची, आणि तातडीची असेल तर ११२. मोफत वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. फोन करताना वही जवळ ठेवा. मुकादमाचं नाव, कारखाना, तळाचं गाव आणि आत किती माणसं आहेत, एवढं पहिल्या मिनिटात सांगा.